दक्षिणा गेली, प्रवास उरला

वस्तूंपेक्षा अनुभव मोलाचे, हे विधान अलीकडे फार सहजपणे केले जाते. पोट भरलेल्या माणसाला ते सोपेही असते. मराठीत या विधानाची खरी कसोटी पाहणारे एक पुस्तक आहे, ते म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. ते या दृष्टीने पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते.

पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडले ते अनुभव घेण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल अशी वार्ता कानी आली होती. म्हणून चुलत्यासह त्यांनी उत्तरेची वाट धरली. वाटेतच बंडाची बातमी आली. यज्ञ राहिला बाजूला आणि हे चुलते-पुतणे झाशीच्या वेढ्यात सापडले. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले. त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी लपूनछपून पाहिली. जवळचे द्रव्य गेले; पुढे वाटेतही लुबाडणूक झाली. अखेर घरी पोहोचले ते प्रामुख्याने आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड घेऊन. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर हा प्रवास सपशेल बुडीत खात्यात गेला.

परंतु त्याच प्रवासात त्यांनी झाशीच्या राणीची दिनचर्या जवळून पाहिली होती. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तीच राणी, पराभूत आणि तहानलेली, स्वतः पाणी शेंदून मातीच्या भांड्याने पिताना त्यांनी पाहिली. हे दृश्य कोणत्याही लुटारूला नेता आले नाही. सुमारे पंचवीस वर्षे ते त्यांच्या मनात राहिले, आणि चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून १८८३ साली त्यांनी ते लिहून काढले.

इथवर येऊन ‘अनुभव श्रेष्ठ, वस्तू क्षुद्र’ असा निष्कर्ष काढून मोकळे होता येईल. आम्हांस तो पुरेसा वाटत नाही. पहिली गोष्ट अशी की गोडसे स्वतः द्रव्याला क्षुद्र मानीत नाहीत. दक्षिणेचा हिशेब ते मनापासून ठेवतात. पैसा गेल्याचे दुःख लपवीत नाहीत. कर्जबाजारी माणसाला हा वैराग्याचा थाट परवडणाराच नव्हता, आणि त्यांच्या निवेदनाची विश्वासार्हता या प्रांजळपणातूनच येते. दुसरे असे की हा अनुभव त्यांनी निवडलेला नव्हता. त्याची किंमत झाशीतल्या असंख्य माणसांनी प्राणांनी मोजली होती.

तिसरी गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळची. झाशीच्या लुटीचे वर्णन करताना तेथील समृद्ध ग्रंथसंग्रहाच्या नाशाने गोडसे हळहळतात. पोथी ही वस्तूच आहे; पण ती फाटली की पिढ्यांचे अनुभव तिच्याबरोबर जातात. गोडश्यांचा अनुभवही असाच कागदाच्या आधाराने टिकला. वैद्यांनी १९०७ साली पुस्तक प्रसिद्ध केले ते स्वतःचे संस्कार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मुळाबरहुकूम आवृत्ती काढता आली. ते बाड हरवले असते तर गोडश्यांचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता.

वर्गात हे पुस्तक शिकविताना आपण बहुधा ‘अव्वल इंग्रजीतील प्रवासवर्णन’ किंवा ‘सत्तावनच्या बंडाचे साधन’ एवढी चिठ्ठी चिकटवून पुढे जातो. त्यापलीकडचा एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावयास हवा: मिळविण्यासाठी निघालेल्या माणसाने जे गमावले आणि जे न मागता पाहिले, त्यांपैकी पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला काय आले? त्या दक्षिणेतील एक रुपयाही आज कोठे नाही. विहिरीवरची ती तहान मात्र आपल्यापर्यंत आली आहे. कारण ती कोणी तरी पाहिली, कोणी तरी लिहावयास लावली आणि कोणी तरी ते कागद सांभाळले.