५ जुलै : सागरशास्त्रज्ञ अदिती पंत यांचा जन्म

५ जुलै १९४३ रोजी नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत यांची ओळख बहुधा एकाच वाक्यात उरकली जाते : १९८३च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह, अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. मान मोठाच, पण त्यामागचा अभ्यास त्याहून मोठा. पुण्यात बी.एस्सी., पुढे हवाई विद्यापीठात प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणाचे संशोधन, लंडनमध्ये सागरी शैवालांच्या शरीरक्रियेवर पीएच.डी. आणि मग गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था.

डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पृथ्वीवरील जवळपास निम्मे प्रकाशसंश्लेषण समुद्रात होते, आणि बहुतांशी या सूक्ष्म वनस्पतीच ते करतात. क्रिलपासून देवमाशापर्यंत सारी अन्नसाखळी त्यांच्यावर उभी आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या शोषतात. आपले गाव समुद्रापासून दूर असले, तरी हवा सर्वांची एकच. आणि समुद्र दूर असणे ही अडचण मानावी, तर नागपूर कुठे किनाऱ्यावर आहे? पंत पुढे पाचव्या मोहिमेतही सहभागी झाल्या आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले.