चार पेन्सिल सेलवर चालणारं पुस्तक

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना माझा जुना ई-रीडर सापडला. दोन वर्षं तसाच पडून होता. रात्रभर चार्जिंगला लावला, सकाळी बघतो तर ढिम्म. तपकीर गल्लीत एकाकडे घेऊन गेलो. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दादा, बॅटरी गेलीय. ती आत चिकटवलेली असते. काढताना स्क्रीन फुटली तर मला बोलायचं नाही."

स्क्रीन धड, बटणं धड, आतली पुस्तकंही धड. एका चपट्या पाकिटामुळे सगळं बंद. मग मला प्रश्न पडला, हे असं ठरवलं कोणी? रिमोटसारखे सेल घालायची सोय का नाही केली?

तर गंमत अशी, की ती केली होती.

सोनीने एप्रिल 2004 मध्ये जपानात 'लिब्रिए' नावाचा ई-रीडर आणला. ई-इंक पडदा असलेलं बाजारातलं हे पहिलं वाचनयंत्र. आणि ते चालायचं चार बारीक पेन्सिल सेलवर, म्हणजे आपण रिमोटमध्ये घालतो तेच एएए. तेवढ्यावर साधारण दहा हजार पानं उलटता यायची, असं कंपनी सांगायची. हे जमलं त्या पडद्यामुळे. ई-इंकमध्ये बारीक बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. वीज दिली की कण वरखाली होतात आणि मग वीज काढून घेतली तरी जागच्या जागी बसून राहतात. खर्च फक्त पान उलटताना. तुम्ही एकाच पानावर तासभर डुलकी काढलीत तरी पडद्याला काही फरक पडत नाही.

त्याआधीची यंत्रं बघा. 1998 चं रॉकेट ईबुक घ्या. त्याला एलसीडी पडदा होता. तो अक्षरं दाखवायलाही सतत वीज खातो, वर मागचा दिवा वेगळाच. त्यामुळे आत चार्ज होणारी बॅटरी, आणि एकूण वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. झोपून वाचताना हातातून सुटलं तर नाकाचं काही खरं नाही! पण या यंत्राची एक गोष्ट सांगायलाच हवी. ते बनवणारे दोघे, मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग. हातात धरायच्या यंत्रात जास्तीत जास्त वेळ वीज कशी कोंबायची, यावर त्यांनी डोकं घासलं, आणि लिथियम-आयन बॅटरी किती झपाट्याने सुधारतेय हे जवळून पाहिलं. 2000 मध्ये कंपनी विकली. 2003 मध्ये दोघांनी नवी काढली. तिचं नाव टेस्ला. तिच्या पहिल्या रोडस्टर गाडीत लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले 6,831 सेल होते. एलॉन मस्क नंतर आले, बरं का.

परत लिब्रिएकडे. ते चाललं नाही. पण त्यात सेलचा काहीच दोष नव्हता. त्यावरची पुस्तकं 60 दिवसांनी आपोआप बंद व्हायची. म्हणजे सेल बदलता येतात, पण पुस्तक शिळं होतं! असला कारभार असल्यावर कोण घेणार?

2006 मध्ये सोनीचाच पुढचा रीडर अमेरिकेत आला, तेव्हा पेन्सिल सेल गेले आणि आत लिथियम-आयन बसली. नोव्हेंबर 2007 मध्ये किंडल आलं, किंमत 399 डॉलर. मला वाटतं, पेन्सिल सेलचा खरा निकाल इथे लागला. कारण किंडल मोबाइल नेटवर्कवरून पुस्तक उतरवायचं. रेडिओ चालू झाला की क्षणात मोठा करंट लागतो. बारीक अल्कलाइन सेलचा आतला रोध जास्त, त्याच्यावर असा ताण आला की व्होल्टेज खाली बसतं. किंडलच्या चार्ज होणाऱ्या बॅटरीचीही दमछाक व्हायचीच. वायरलेस चालू ठेवलं तर एक दिवसाआड चार्जिंग, बंद ठेवलं तर आठवडाभर निवांत, असं अ‍ॅमेझॉनच सांगायचं.

पण त्या पहिल्या किंडलचं मागचं झाकण निघायचं! बॅटरी काढा, दुसरी घाला. 2009 चं दुसरं किंडल बारीक झालं, सुरेख झालं, आणि झाकण गेलं. एका पेन्सिलीइतक्या जाडीसाठी आपण काय देऊन बसलो, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. मी तर ते पातळपण मित्रांना मिरवून दाखवत होतो.

2012 मध्ये जर्मनीच्या टेक्स्टरने 'बीगल' नावाच्या छोट्या रीडरसाठी पुन्हा एएए सेल निवडले. वायफाय नाही, दिवा नाही, पुस्तकं फोनवरून ब्लूटूथने घ्यायची. तेही टिकलं नाही. आणि पेन्सिल सेलची बाजू घेताना हेही सांगतो, की ते वापरून फेकायचे असतात, आणि विसरलात तर आत पाझरून पत्र्या खाऊन टाकतात. घरातलं एखादं जुनं घड्याळ उघडून बघा.

आता युरोपीय संघाचा नियम आलाय. 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. काही अपवाद आहेत, पण झाकण परत येईल असं दिसतंय.

तोवर एक करा. रीडर बरेच दिवस वापरणार नसाल तर पूर्ण रिकामा करून ठेवू नका. अर्धा चार्ज करा, गार जागी ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. लिथियम-आयन अगदी तळाला गेली की तिचं संरक्षक सर्किट चार्जच घेऊ देत नाही. माझ्याकडून झालं ते हेच.

रीडर अजून तपकीर गल्लीतच आहे. स्क्रीनची जोखीम माझी, असं सांगून आलोय. शनिवारी बोलावलंय.