उंबऱ्याबाहेरचा आधार

पूर्वी म्हाताऱ्यांना एकत्र कुटुंब सांभाळत असे, ते मोडले आणि म्हातारी माणसे एकटी पडली, असे सरसकट म्हटले जाते. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांचा गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणे अर्धेच खरे ठरते. म्हाताऱ्या माणसाला दोन वेळचे जेवण घराने दिले, हे मान्यच आहे. पण त्याला मान, सोबत आणि सकाळी उठून बाहेर पडण्याचे कारण देणाऱ्या जागा उंबऱ्याबाहेर होत्या: शेत, खळे, देऊळ, जत्रा, शेजारची बाळंतिणीची खोली. लेक-सून आणि आजी-आजोबा एका छपराखाली राहतात अशी घरे आजही या भागात पुष्कळ आहेत, आणि तरीही त्या घरांतले म्हातारपण एकाकी असू शकते, कारण ढासळल्या त्या बाहेरच्या जागा. आधाराचा प्रश्न फक्त घरात शोधल्याने आपले उपायही चुकत आले आहेत.

हा भाताचा मुलूख. पावसाआधी जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, त्यात रोपे वाढवायची आणि मग चिखलात लावणी करायची, ही इथली जुनी रीत. राब कधी भाजायचा, कुठल्या शेतातले भात बियाण्याला राखायचे, कणगीतले दाणे श्रावण-भादव्यापर्यंत कसे पुरवायचे, हे ज्ञान कागदावर नव्हते. ते वयात होते. नांगर धरण्याची ताकद संपली तरी माणूस शेतीतून बाद होत नसे. मात्र या व्यवस्थेची एक क्रूर बाजूही होती. पेरणीला आणि खावटीला सावकाराकडून भात उचलायचे आणि सुगीला दिढीने फेडायचे, या फेऱ्यात कणगी लवकर रिकामी होई. टंचाईत पहिला घास कमावत्या हाताला, मग पोराबाळांना, आणि उरले तर म्हाताऱ्यांना, हा उपाशी घराचा हिशेब असतो. तिथे एकत्र कुटुंबाची माया अपुरी पडते. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले आणि वकील झालेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी या दुखण्यावर बोट ठेवले. शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी त्यांनी धान्यकोठारे उभी केली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले, म्हणून ते आपल्याला क्रांतिकारक म्हणून आठवतात. पण कोठाराचा विचारही तितकाच मोलाचा आहे: जे एका घराला पेलत नाही ते गावाने मिळून पेलायचे. पुढे कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका चालवल्या, त्यामागेही हेच सूत्र होते.

धान्याइतकीच गरज माणसांची असते, आणि ती भागवणाऱ्या रीती इथे होत्या. खोपोलीजवळच्या साजगावची विठोबाची जत्रा कार्तिकात भरते. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून इथे येत आणि त्यांच्या थकलेल्या उधारीसाठी विठोबाने बोंब मारली, अशी कथा सांगतात. म्हणून देव बोंबल्या विठोबा. सुक्या मासळीच्या बाजारासाठी ही जत्रा ओळखली जाते. अशा जत्रेत भक्ती आणि खरेदी दोन्ही होत, पण म्हाताऱ्या माणसासाठी तिचा अर्थ आणखी मोठा होता. दूर दिलेल्या बहिणी, विहिणी, जुने सोबती वर्षातून एकदा हमखास भेटण्याची ती जागा होती. गावोगावचा हरिनाम सप्ताह, पहाटेची काकड आरती आणि भजन यांतही वय आड येत नाही; ज्याला शंभर अभंग पाठ आहेत त्याच्याकडे तरुण टाळकऱ्याला पाहावेच लागते. तीच गोष्ट सुईणीची. अडीअडचणीला मध्यरात्री जिचे दार ठोठावले जाते, ती बाई विधवा असो वा निपुत्रिक, गावाला हवी असते.

या जागा एका दिवसात मोडल्या नाहीत. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. मग कारखाने आले, २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि फार्महाऊस व सेकंड होमसाठी शेते विकली गेली. पगार आला, शाळा आली, दवाखाना जवळ आला. हा बदल नको होता असे कुणी म्हणू नये. पण मिळकतीचे केंद्र शेतातून नोकरीकडे सरकले तेव्हा शेतातल्या ज्ञानाची किंमत उतरली, आणि विकलेल्या शेताबरोबर त्यात राबलेल्या म्हाताऱ्याचे कामही गेले. कातकरी वाड्यांवर हा बदल आणखी कठोर झाला. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांना विटा वाहवत नाहीत, त्यांनी एकतर ओस वाडीत मागे राहायचे किंवा भट्टीवरच्या खोपटात दिवस काढायचे.

यावर पहिला आक्षेप असा की हे जुन्याचे गोडवे आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षांचे होते, मग म्हातारी माणसे होतीच किती? संख्येने कमी होती, हे खरे. पण सरासरी खाली ओढणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात बालमृत्यू होते. तग धरलेली माणसे साठी-सत्तरीही गाठत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. म्हणजे गरज वाढत असताना जागा आटल्या. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गावाचा हा आधार जात पाहून मिळत असे. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या म्हाताऱ्याला पाणवठा बंद, त्याला गावकीचा आधार कसला? हा आक्षेप पूर्णपणे मान्य केला पाहिजे, आणि म्हणूनच जुनी गावकी परत आणा असे म्हणणे चूक ठरेल. घ्यायचे ते कोतवालांच्या कोठाराकडून: सामुदायिक आधार जन्माने मिळालेला असावा लागत नाही, तो ठरवून, नियम करून उभा करता येतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सोबत-मान या गोष्टी नंतर, आधी पेन्शन आणि औषध. पेन्शनचे महत्त्व नाकारणे अमानुष होईल. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, श्रावणबाळ योजनाही आहे, आणि २०२३ साली त्यांची रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. ती आणखी वाढायला हवी. पण सोबत ही औषधापेक्षा दुय्यम गोष्ट आहे, हे गृहीतक आता टिकत नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा माणसांशी घट्ट संबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. कर्जतमध्येच याचा दाखला आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र इथे आहे. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे गोळ्यांनी माणूस सावरला की काम संपत नाही. त्याचे गाव शोधून त्याला घरच्यांपर्यंत पोचवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

मग नव्या काळात म्हाताऱ्या माणसासाठी उंबऱ्याबाहेर जागा कशी तयार होईल? याचे एक उत्तर कायद्यातच सापडते. रायगडमधील दळी जमिनी, म्हणजे वनजमिनीवरचे शेतीचे तुकडे, कसणारे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कागदाअभावी अतिक्रमणदार ठरत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी दाव्याचा पुरावा म्हणून दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाबही ग्राह्य धरले. ज्या आठवणीला कचेरीत किंमत नव्हती, ती कायद्याने पुरावा मानली. बांध कुणी घातला, झाड कुणी लावले, कुठल्या साली कोण कसत होते, हे सांगायला ग्रामसभेला म्हातारा माणूस बोलवावा लागतो. इथे कुणी त्याच्यावर उपकार करत नाही. गावाचेच काम त्याच्यावाचून अडते.

हे उदाहरण एकटे राहू नये. सुईणीचे काम दवाखान्याकडे गेले ते योग्यच झाले, त्यातून जीव वाचतात. पण त्या बाईच्या अनुभवाला अंगणवाडीत, बाळंतिणीच्या भेटीत आशाताईच्या सोबतीने दुसरे काम देता येईल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पण वाडीपर्यंत एसटी जात नसेल तर त्या सवलतीने जत्राही गाठता येत नाही आणि तालुक्याचा दवाखानाही. आरोग्य केंद्र, एसटी, ग्रामसभा, भजनाचे देऊळ आणि रेशनचे दुकान या पाच ठिकाणी म्हातारे माणूस स्वतःच्या पायाने पोचते का आणि पोचल्यावर तिथे त्याचे काही काम असते का, हे दोन प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने विचारावेत. वृद्धाश्रम ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी लागतील. इतर सगळ्यांसाठी गावच राहण्याजोगे करणे अधिक स्वस्त आहे, अधिक न्याय्य आहे, आणि या मुलखाच्या इतिहासाने ते शक्य असल्याचे दाखवून दिले आहे.