हयातीचा दाखला

आमच्या आईची पेन्शन महिन्याला 1,000 रुपये. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. ते गेल्यावर 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून विधवेची म्हणून ती चालू झाली. आधी त्याहून कमी होती. 2014 च्या सप्टेंबरपासून सरकारनं कमीत कमी हजार ठरवले, तेव्हा तिचे हजार झाले. हजारात काय होतं, असं शहरातली माणसं विचारतात. बीपीच्या गोळ्या होतात, चहापावडर होते, नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवता येते, आणि मुख्य म्हणजे सुनेपुढं हात पसरावा लागत नाही.

2019 च्या जानेवारीत ती आली नाही. फेब्रुवारीतही नाही. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "वरूनच आली नाही. हयातीचा दाखला लागलेला दिसत नाही."

आई काउंटरच्या काचेला नाक लावून उभी होती. म्हणाली, "आवं सायेब, मी ही काय उभी हाय न्हवं तुमच्याम्होरं! मेल्यालं माणूस यष्टीनं येतंय व्हय?"

साहेब भला माणूस. हसला आणि म्हणाला, "आजी, मला दिसताय तुम्ही. कॉम्प्युटरला दिसत नाही."

आमच्या चुलत आज्याला फौजेची पेन्शन होती. दुसऱ्या महायुद्धात तो मराठा पलटणीत होता. त्याची पेन्शन मनिऑर्डरनं यायची. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसायचा, आधी पाणी, मग चहा, मग जांभळ्या शाईची डबी निघायची. आज्याचा अंगठा तो स्वतःच्या हातानं धरून कागदावर टेकवायचा. शेजारच्या कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही. आजा जिवंत आहे याचा दाखला म्हणजे आजा ओट्यावर बसलाय आणि पोस्टमनला शिव्या देतोय, हाच. पुढं पेन्शनी बँकेत गेल्या तरी दर नोव्हेंबरात जायचं, साहेबासमोर उभं राहायचं, कागदावर सही-अंगठा करायचा. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर कुणातरी अधिकाऱ्याची सही आणायची. कटकट होती, नाही असं नाही. पण दाखला देणारा माणूस होता.

या अंगठ्याचा इतिहास मात्र मला आईच्या पेन्शनीपायी वाचावा लागला. वाचला, आणि हसावं की रडावं कळेना.

आमचं गाव सुप्याच्या बाजाराचं. बारामती तालुक्याचा हा जिरायती पट्टा. सुप्याला 12 मे 1875 रोजी भर बाजाराच्या दिवशी कुळांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, वह्या आणि खतं रस्त्यावर आणून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते आलेत. जे कागद जळले त्यांवर शेतकऱ्यांची सही नसायची, निशाणी असायची. ज्याला लिहिता येत नाही त्यानं आपल्या धंद्याची खूण काढायची, ही मराठी मुलखातली फार जुनी रीत. कुणब्यानं नांगर काढायचा. शेजारी कुलकर्णी लिहिणार, 'निशाणी नांगर'. आता नांगर कुणीही काढावा. आत काय लिहिलंय ते निशाणी करणाऱ्याला वाचता येत नाही, आणि खालचा नांगर त्यानंच काढला की सावकाराच्या कारकुनानं, हेही पुढं सिद्ध होत नाही. दंग्यानंतर चौकशी बसली आणि 1879 साली शेतकऱ्यांसाठी कायदा आला. शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावं, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे उपाय काय केला, तर मध्ये एक माणूस बसवला.

त्याच सुमाराला तिकडं बंगालात दुसरा उपाय चालला होता. विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. 1858 साली जंगीपूरला असताना त्यानं रस्त्याच्या कामाला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराशी करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. तेव्हा कारण एवढंच, की हा मनुष्य उद्या 'ही सही माझी नव्हे' म्हणायला नको. पुढं ठसे जमवता जमवता त्याच्या ध्यानात आलं, की बोटावरच्या रेघा वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि दोन माणसांच्या सारख्या नसतात. 1877 साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्यानं ही पद्धत सरकारी कामात लावली. कुठं लावली? तुरुंगात, दस्तनोंदणीत आणि पेन्शनीत! पेन्शनर मरायचा आणि त्याच्या जागी भलताच कुणी उभा राहून पैसे उचलायचा, साक्षीदारही आपलेच. म्हणून साहेबानं ठरवलं, साक्षीदारांच्या तोंडावर विसंबायचं नाही, बोट मागायचं. चोराला पकडायला ठसे वापरणं नंतरचं. कलकत्त्याला ठशांचं दफ्तर निघालं ते 1897 साली, आणि ठशांची वर्गवारी बसवण्याचं खरं डोकं लावलं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी. त्याच्या वीस वर्षं आधी सरकारी पेन्शनर बोटांचा ठसा देत होता.

म्हणजे मेलेला पेन्शनर जिवंत दाखवू नये म्हणून जे हत्यार निघालं, त्यानं एकशेचाळीस वर्षांनी माझी जिती आई मेलेली दाखवली.

आता आईच्या बोटांकडं येतो. ती 1947 च्या आसपासची. जन्मतारीख तिला माहीत नाही. "गांधीबाबाला मारलं तवा मी रांगत हुते" एवढंच ती सांगते. आमच्या पिढीचे वाढदिवस गुरुजींनी 1 जूनला टाकले, तिच्या पिढीचे आधारवाल्यांनी 1 जानेवारीला. एवढाच काय तो फरक. 1972 च्या दुष्काळात तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी खायची आणि दिवसभर हातोडा हाणायचा. हजेरीपटावर अंगठा तेव्हाही देत होती, म्हणजे तेव्हा रेघा होत्या. पुढं लोकांच्या उसात खुरपणं, पाचट काढणं, चुलीच्या राखेनं भांडी, आणि रोज दोन वेळच्या भाकरी. तव्यावरची भाकरी ती उलथण्यानं कधी उलटत नाही, बोटांनीच उलटते. तिच्या अंगठ्यावर हात फिरवला तर नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत लागतो.

आधारचा श्रीगणेशा आपल्याच राज्यात झाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. आमच्या गावात शाळेत कॅम्प लागला 2012 साली. तेव्हा बोटं कशीबशी उठली. घोळ झाला तो नावाचा. आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं सासरचं वेगळं. वडिलांनी कारखान्याच्या कागदावर सासरचं लिहिलं होतं, ते बरोबरच. पण पूर्वी मतदार यादी करायला आलेले गुरुजी निघाले तिच्या माहेरगावचे. त्यांनी तिला परकरात पाहिलेलं; मोठ्या मायेनं त्यांनी माहेरचं नाव लिहिलं. कॅम्पवाल्यानं मतदान कार्ड बघून तेच आधारवर उचललं. मोबाइल नंबर दिला माझा. ते सिम्‌ पुढं बंद पडलं, आणि आधारच्या आत कुठंतरी तो नंबर अडकून बसलाय हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

10 नोव्हेंबर 2014 ला पंतप्रधानांनी 'जीवन प्रमाण' सुरू केलं. कल्पना वाईट नव्हती. म्हाताऱ्या माणसानं ऑफिसच्या पायऱ्या चढू नयेत, जवळच्या केंद्रात बोट टेकवावं आणि घरी जावं. शेजारच्या गावचे एक निवृत्त मास्तर अजून सांगतात, दोन मिनिटांत काम झालं म्हणून. मास्तरांनी आयुष्यभर खडू धरला होता. आमची दोन वर्षं अशीतशी निघाली. 2018 च्या नोव्हेंबरात ई-सेवा केंद्रातल्या पोरानं आईची दहाच्या दहा बोटं मशीनवर ठेवून पाहिली. साबणानं हात धुऊन आणले, ओल्या फडक्यानं पुसले, खोबरेल लावलं. दरवेळी लाल. पोरगा म्हणाला, "ओटीपीवर काहीतरी बघू." ओटीपी गेला बंद सिमला. "उद्या या, सर्व्हर डाऊन आहे." उद्या म्हणजे उसाच्या भरात आमचा दिवस मोडणार. असे चार उद्या झाले आणि नोव्हेंबर सरला.

पेन्शन थांबल्यावर खरी वणवण. जिल्ह्याच्या ऑफिसात सांगितलं, आधारवरचं नाव आणि पेन्शनचं नाव जुळत नाही, आधी ते करून आणा. आधार केंद्रात सांगितलं, नाव बदलायला पुरावा आणा. पुरावा कशाचा? लग्नात नाव बदललं याचा. लग्न झालं त्या साली गावात पत्रिकासुद्धा छापत नव्हते. तांदळात सोन्याच्या अंगठीनं नाव लिहिलं होतं. ते तांदूळ आणू कुठून? शेवटी तालुक्याला वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं, की या दोन्ही नावांची बाई एकच. तिथं ओळख द्यायला दोन माणसं लागली. मामा आले आणि शेजारचे नाना आले. मामांनी माहेरचं नाव ओळखलं, नानांनी सासरचं. खाली आईनं शाईचा अंगठा केला. काळा ठिपका उठला नुसता, रेघ एक नाही. वकील म्हणाला, चालतंय.

अडीच हजार रुपये आणि सात खेपा झाल्यावर बँकेतला तोच साहेब एक दिवस म्हणाला, "अहो, अंगठा उठत नसेल तर कागदावर दाखला देता येतो, मी सही करतो." मला एकदम रागच आला. साहेबाचा नाही, ही सोय आहे हे त्यालाही परवाच कळलं होतं. पण सात खेपांत भेटलेल्या एकाही माणसाला ती ठाऊक नसावी? की ठाऊक असून सांगायचा कंटाळा? आई शांत होती. तिनं साहेबाला विचारलं, "हेच्यात काय लिव्हलंय?" साहेबानं वाचून दाखवलं, की सदर बाई आज रोजी माझ्यासमोर हजर असून जिवंत आहे.

"आज रोजी," आई म्हणाली. "बरं हाय."

एप्रिलात थकलेले पैसे एकदम आले. तिनं त्यातून आधी मामांचं आणि नानांचं गाडीभाडं दिलं. नाना घेईनात, तर त्यांच्या खिशात कोंबलं.

2021 च्या नोव्हेंबरात सरकारनं चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आणली. आता केंद्रातला पोरगा मोटरसायकलवरून घरी येतो, मोबाइल आईच्या तोंडासमोर धरतो आणि सांगतो, "आजी, डोळं मिटा. उघडा." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उजेडात डोळे उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून पहिल्या झटक्यात होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला होतं. पोरगा पन्नास रुपये घेतो. प्रतिज्ञापत्राची एक झेरॉक्स तिनं पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलीय, आणि पोरगा आला की ती आधी ती काढून ओट्यावर ठेवते.