गिमवीचा रक्तमेह
लघवीतून रक्त पडणे हा स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंडापासून मूत्रमार्गापर्यंत कोठेतरी झालेल्या इजेची ती खूण असते, आणि त्या इजेमागे मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा कर्करोगही असू शकतो. म्हणूनच वेदना नसताना एकदाच दिसून थांबलेले रक्तही दुर्लक्षिण्याजोगे नसते. आयुर्वेदाने पित्तज प्रमेहांत ‘रक्तमेह’ गणला असला, तरी या लक्षणाचा भारतातील सर्वांत विलक्षण इतिहास रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावाचा आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी तेथील लोकांच्या लघवीतून पडणाऱ्या रक्ताचे मूळ शिस्टोसोमा या, रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीत असल्याचे दाखवून दिले. थिओडोर बिल्हार्झ यांना १८५१ मध्ये कैरोत सापडलेल्या या कृमीची, एका टोकाला काटा असलेली अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत उतरतात व सोबत रक्त आणतात. पाण्यात पोहोचल्यावर त्यांतून निघालेली अळी गोगलगायीच्या देहात वाढते आणि पुढे पाण्यात उतरलेल्या माणसाच्या धडधाकट कातडीतूनही आत शिरते. गिमवीत हे मधले घर फेरिसिया टेनुइस या चिमुकल्या गोगलगायीने पुरवले, असे मानले गेले. तिचे कवच पिळदार शंखासारखे नसून टोपीसारखे असते.