खडू नसलेला खडू

मी खडूवर जगणारा मास्तर. मामूंच्या नातवानं घरी पूलचं टेबल आणलं. त्यावरची निळी भुकटी पाहून मी फळा पुसावा तसं ओलं फडकं उचललं. मामूंनी हात धरला. उमेदीत ते एका क्लबात मार्कर होते. "बेटा, हा खडू नव्हे."

खरंच नव्हे. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. स्टिक बॉलवरून घसरत नाही ती त्यामुळेच. पण तेच खरखरीत कण लोकरी कापडात शिरले की धागे झिजवतात. पाण्यानं तर आणखी मुरतात. मामू टेबलापासून दूर उभं राहून स्टिकला खडू लावत. खेळ संपला की लवीच्या दिशेनं, एकाच बाजूला, हलका ब्रश फिरवत.

१८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेननं स्नूकर सुरू केला, हे पुस्तकांत आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, हेही आहे. ती टेबलं झाडणाऱ्यांची नावं मला कुठं सापडली नाहीत. आता मामूंच्या नातवाला ब्रश धरायला मामूच शिकवतात. मी शेजारी बसून ते वहीत टिपून ठेवतो.