हलणाऱ्या तसबिरी

दगेरची छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जगासमोर आली, तेव्हा माणसाचा चेहरा यंत्राच्या साहाय्याने जसाच्या तसा टिपण्याची वाट मोकळी झाली. टिपला गेला तो निश्चल चेहरा. त्याला चालना देण्याची मानवाची हौस मात्र शमली नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या फ्रेडरिक पार्क यांनी संगणकाच्या साहाय्याने मानवी मुद्रेला हालचाल दिली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये वंशावळी जुळवून देणाऱ्या 'मायहेरिटेज' या इस्रायली कंपनीने 'डीप नॉस्टॅल्जिया' ही सोय सर्वांना खुली केली. पणजोबांची पिवळी पडलेली तसबीर यंत्राला द्यावी, आणि त्यांनी पापणी लववावी, मान वळवावी, मंद हसावे! आपल्या देशात भगतसिंगांची हलती छबी पाहून अनेकांना गहिवरून आले.

परंतु ही हालचाल कोणाची? ती आधी चित्रित करून ठेवलेल्या दुसऱ्याच जिवंत माणसाची. यंत्र ती तसबिरीतील डोळ्यांवर नि ओठांवर बसवते. मूळ चित्रात जे दिसत नाही, ते अनुमानाने भरून काढते. १९३१ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी फासावर गेलेल्या भगतसिंगांचे ते स्मित त्यांचे नव्हे. दुरुपयोगाच्या भीतीने कंपनीनेही प्रारंभी या चेहऱ्यांना वाणी दिली नव्हती.

गहिवर खरा असतो. पुरावा मात्र मूळ छायाचित्रच. म्हणून ते जपावे, आणि घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्याच्या पाठीवर नाव, गाव व साल लिहून ठेवावे. ते काम कोणतेही यंत्र करू शकणार नाही.